आलं का?

गरम पाण्याच्या नळातून पाण्याऐवजी भाषण येऊ लागलं, तर पहिले काही दिवस कोणी ते मनावर घेत नाही. आमच्या नळानेही सुरुवात सभ्यपणे केली. आधी एक लांबलचक सुस्कारा, मग घसा साफ केल्याचा आवाज, मग चार थेंब आणि मग मौन. मी पंचा गुंडाळून, हातात तांब्या घेऊन त्याचं म्हणणं ऐकत उभा होतो. शेवटी त्याने एक दणदणीत ढेकर दिली आणि विषय संपवला. शेजारचा गार पाण्याचा नळ मात्र धो धो वाहत होता. गार पाण्याला आमच्याकडे कधीच काही होत नाही. डिसेंबर-जानेवारीत तर मुळीच नाही.

"अहो, गीझर लावा की," ही बाहेरून म्हणाली.

गीझर आहे. पण सोलरचे पैसे भरलेल्या माणसाने गीझर लावणं म्हणजे स्वतःच्या खिशातून दुसऱ्यांदा पैसे चोरणं, असं आमच्या इमारतीचं तत्त्वज्ञान आहे. थंडीने कुडकुडत, दात वाजवत का होईना, पण सगळे सोलरचीच वाट बघतात. मी गार पाण्याने आंघोळ केली. तत्त्वाची आंघोळ फार लवकर उरकते.

आमची सोसायटी पुण्यातली, जुनी, तळमजला अधिक चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली. सोलर नंतर बसवलं, तेही मालमत्ता करात सवलत मिळते म्हणून. गरम पाणी हा त्याचा जोडधंदा. यंत्रणा अशी की, गच्चीत काचेच्या नळ्या उन्हात तापतात, त्यांच्या वरच्या अंगाला आडवी टाकी, तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं, गार पाणी खाली उतरतं. पंप नको, वीज नको. तापायची जागा खाली आणि साठवायची टाकी वर, ही मांडणी कॅलिफोर्नियात विल्यम बेली नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली बाजारात आणली. टाकीला जाड आवरण घातल्यामुळे रात्रीही पाणी गरम राहायचं, म्हणून त्यांनी हीटरचं नाव ठेवलं 'डे अँड नाइट'. आमच्या हीटरचं बारसं करायचं झालं, तर 'तळमजला अँड पहिला मजला' असं नाव ठेवावं लागेल.

आम्ही चौथ्या मजल्यावर. म्हणजे टाकीला सगळ्यात जवळचे आणि म्हणूनच सगळ्यात वंचित. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका असतो. तळमजल्यावरच्या नळावर टाकीतल्या पाण्याचा दीड वातावरणाइतका भार असतो. आमच्या शॉवरच्या डोक्यावर असतं जेमतेम तीन मीटर पाणी. एवढ्याशा दाबाने पाइपातला हवेचा फुगा ढकलून काढायचा म्हणजे फारच झालं. फुगा आडवा बसतो आणि पाणी त्याच्यापाशी येऊन अदबीने थांबतं. इकडे तळमजल्यावरच्या आजींची तक्रार याच्या बरोबर उलटी. त्यांच्याकडे पाणी येतं जोरात, पण गरम पाणी पोचेपर्यंत पाइपातलं गार पाणी बादल्याच्या बादल्या सोडावं लागतं. त्या पाण्यावर त्यांनी अनंत, मोगरा आणि अळू पोसलंय. तक्रार करताना त्या अळूची पानं देतात, त्यामुळे तक्रार गंभीरपणे घ्यावी लागते.

हवा पाइपात येते कशी? याचं उत्तर बहुतेक वेळा बुधवारच्या वर्तमानपत्रात असतं. दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. गुरुवारी इमारतीतला प्रत्येक जण, पाणी नाही म्हणून, जास्तीचं पाणी भरून ठेवतो. टाकी तळ गाठते, पाइप रिकामे होतात आणि त्यांत हवा शिरते. शुक्रवारी पाणी परत येतं, पण जिथे पाइपाला उंचवटा असेल तिथली हवा जागा सोडत नाही. शिवाय पाण्याची स्वतःचीही हवा असते. चहाचं आधण ठेवल्यावर उकळी यायच्या बऱ्याच आधी पातेल्याच्या तळाशी जे बारीक बुडबुडे दिसतात, ते वाफेचे नसतात. गार पाण्यात विरघळलेली हवा पाणी तापताना बाहेर पडते, तिचे असतात. सोलरमध्ये हेच रोज घडतं.

हे सगळं मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की, नळ बोलतोय. आणि नळ बोलायला लागला की माणसं जमतात.

पहिले आले तिसऱ्या मजल्यावरचे काका. काकांची हयात पाटबंधाऱ्यात गेली. "धरणं बांधलीत आम्ही," ते म्हणाले, "आणि तुम्हाला हा पाऊण इंची पाइप भारी पडतो?" त्यांनी पाइपाला कान लावला, डोळे मिटले, बराच वेळ मान डोलावली आणि बत्ता मागितला. खलातला बत्ता. मी तो दिला, कारण धरण बांधलेल्या माणसाला बत्ता नाकारायचा कसा? काकांनी पाइपावर वरून खाली ठोके दिले. हवा हादरून सुटते, असा त्यांचा सिद्धान्त. पाइप जुना, जस्ताचा मुलामा दिलेला, आणि आतून तो मुलामा कधीच सरलेला. हवा काही सुटली नाही, आतला गंज मात्र सुटला. तो खाली जाऊन तिसऱ्या मजल्याच्या नळात बसला आणि काकांचं स्वतःचं गरम पाणी बंद झालं. त्यामुळे त्यांची आमच्या प्रश्नातली आस्था एकदम वाढली.

मग समोरचे प्राध्यापक आले. भौतिकशास्त्राचे, निवृत्त. काकांचा पुढचा बेत असा होता की, नळाला तोंड लावून हवा ओढून घ्यायची. ट्रकमधून डिझेल काढतात, तसं. प्राध्यापकांनी हात वर केला.

"थांबा. १६४३ साली टॉरिसेलीने पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली. वातावरणाच्या जोरावर पाणी दहा मीटरच्या वर चढतच नाही. कितीही ओढा."

"इथे पाणी वरून खाली आणायचंय," काका म्हणाले.

"मुद्दा ओढण्याचा आहे."

"मुद्दा आंघोळीचा आहे," मी म्हणालो. मी अजून पंच्यातच होतो. पण टॉरिसेली नावाच्या माणसापुढे पंच्यातल्या माणसाचं कोण ऐकतो? शेवटी काकांनी नळाला तोंड लावलंच. दम लावून ओढलं. नळाने काही दिलं नाही, उलट काकांची वरची कवळी ठेवून घ्यायचा प्रयत्न केला. "निर्वात पोकळी निर्माण होते ती अशी," प्राध्यापक समाधानाने म्हणाले.

आई दाराशी खुर्ची घेऊन बसली होती. "बंबाला कधी हवा धरली होती का रे?" तिने विचारलं. नव्हती धरली. तांब्याचा बंब म्हणजे मधोमध जाळाची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी आणि वरचं झाकण कायम सैल. हवेला यायला-जायला रस्ताच रस्ता. त्यात घुसमट व्हायची ती फक्त खाली ढलप्या फुंकणाऱ्या माणसाची, आणि तो माणूस लहानपणी मी होतो. तो बंब आता पितांबरीने चकचकीत घासून हॉलमध्ये ठेवलाय. त्यात कापडी फुलं आहेत. आलेले पाहुणे त्याच्याबरोबर फोटो काढतात आणि 'ती मजाच वेगळी होती' म्हणतात. त्यांच्यातल्या कोणी फुंकणी हातात धरलेली नाही, हे मी पैजेवर सांगतो.

चिरंजीवांनी तोवर मोबाइलवर उपाय शोधला होता. इंग्लंडमधला एक गृहस्थ अत्यंत शांतपणे स्वयंपाकघरातल्या गार आणि गरम नळांना एकाच रबरी नळीने जोडतो, दोन्ही सोडतो, गार पाणी गरम पाण्याच्या पाइपात उलटं घुसतं आणि हवा वर टाकीत पळते. खेळ खलास. तिकडच्या जुन्या घरांत पोटमाळ्यावर टाकी असते आणि स्वयंपाकघरातला गार नळ थेट रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीला जोडलेला असतो, म्हणून त्याला जोर. आमच्याकडेही थेट लाइनचा नळ आहे. चौथ्या मजल्यापर्यंत त्याला पाणी चढत नाही, एवढा बारीकसा फरक सोडला तर सगळं सारखंच. आम्ही मग बाथरूममधले दोन नळ जोडले. पण आमचं गार पाणीही गच्चीतूनच येतं आणि सोलरला पाणी पुरवते तीही तीच टाकी. दोन्हीकडे दाब सारखाच. दोन्ही पाण्यांनी नळीच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे पाहिलं आणि कोणीच हललं नाही.

"पंप लावू," काका म्हणाले. त्यांचा टुल्लू पंप माळ्यावर होता. मोठ्या बादलीत गार पाणी, त्यातून पंप, पंपाची नळी गरम नळाच्या तोंडाला सुतळीने बांधलेली. काकांनी बटण दाबलं. पाणी पाइपात घुसलं, बादली झरझर रिकामी होऊ लागली आणि आमच्या चेहऱ्यांवर विज्ञानाचं तेज आलं. एवढ्यात खालून किंकाळी ऐकू आली.

पाणी आळशी असतं. वर जाऊन हवेशी झगडण्यापेक्षा त्याने खालची वाट धरली. पहिल्या मजल्यावरच्यांचे जावई आले होते. ते त्या क्षणी डोक्याला शिकेकाई लावून गरम शॉवरखाली उभे होते. जानेवारीतलं साठवणीचं गार पाणी, तेही पंपाच्या जोराने, पूर्वसूचना न देता त्यांच्यावर कोसळलं. जावयांनी किंकाळी फोडल्यावर घर ज्या वेगाने हलतं तितक्या वेगाने महानगरपालिकासुद्धा कुठे हलत नाही. सासूबाई, सासरे, मेव्हणा असे सगळे जिन्याने वर येऊ लागले. आम्ही घाईने पंप बंद करायला गेलो, तर सुतळी सुटली, नळी उसळली आणि उरलेली बादली प्राध्यापकांच्या स्वेटरवर रिकामी झाली. त्यानंतर त्यांनी टॉरिसेलीचा उल्लेख केला नाही.

प्लंबरला फोन केला. "सकाळी येतो," तो म्हणाला. कुठल्या सकाळी, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण विचारलं की तो येतच नाही. एका सकाळी आला. नळ उघडून क्षणभर ऐकलं.

"काका, लाइनला एअर धरलंय."

सगळ्यांचा विरस झाला. हे तर आम्हालाही कळलं होतं. तज्ज्ञाने आपल्याला माहीत असलेलंच सांगितलं की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं, आणि वेगळं सांगितलं की त्याला काही कळत नाही असं वाटतं.

"कोणी केलंय हो हे फिटिंग?" त्याने विचारलं. कुठलाही प्लंबर कामाला हात लावण्यापूर्वी हा श्लोक म्हणतोच.

"तुमच्या वडिलांनी," सेक्रेटरी म्हणाले.

तो थोडा थांबला. "त्या काळी माल चांगला मिळायचा," असं म्हणून गच्चीचा जिना चढू लागला. त्याच्यामागे काका, प्राध्यापक, सेक्रेटरी, मी आणि, आपल्यावर कोणी पाणी सोडलं हे बघायला, जावई.

गच्चीच्या दारापाशी उलगडा झाला. सोलरकडून येणारा गरम पाण्याचा पाइप जमिनीलगत आणला असता तर लोक अडखळून पडले असते. म्हणून तो दाराच्या एका बाजूने वर चढवून, चौकटीवरून आडवा नेऊन, दुसऱ्या बाजूने खाली उतरवला होता. कमानीच्या माथ्यावर हवा बसणार, हे थोरल्या प्लंबरला ठाऊक होतं. त्याने तिथून एक उभी नळी गार पाण्याच्या टाकीपेक्षाही उंच नेऊन वर उघडी ठेवली होती. हवा तिच्यातून सुटायची. पाणी आपल्या टाकीच्या पातळीपेक्षा वर चढत नाही, त्यामुळे ते काही सांडायचं नाही. वीस रुपयांची अक्कल म्हणा हवं तर, पण बिनचूक.

आता तिथे हातभर थोटूक उरलं होतं आणि त्याच्या तोंडावर लोखंडी टोपण घट्ट बसवलेलं होतं.

"हे कोणी बंद केलं?"

सेक्रेटरी खाली जाऊन सभेच्या इतिवृत्ताची वही घेऊन आले. इतिहास असा निघाला. संक्रांतीत त्या उंच नळीत पतंगांचा मांजा अडकायचा, म्हणून मुलांच्या आग्रहावरून ती करवतीने कापली. कापल्यावर ती टाकीच्या पातळीखाली आली, साहजिकच तिच्यातून गरम पाणी उडू लागलं आणि ते दुसऱ्या मजल्याच्या कुरडयांवर पडलं. उन्हाळ्यातल्या वाळवणावर पाणी पडणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. तातडीची सभा झाली. 'गच्चीतील निरुपयोगी नळी कायमची बंद करण्यात यावी. सूचक : तिसरा मजला. अनुमोदक : प्राध्यापक. ठराव एकमताने मंजूर.' खाली अल्पोपाहाराचा खर्चही लिहिला होता. बटाटेवडे होते.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका क्षितिजाकडे पाहत म्हणाले, "त्या वेळची परिस्थिती वेगळी होती." प्राध्यापक म्हणाले, "मी अनुमोदन फक्त तत्त्वतः दिलं होतं."

प्लंबरने पाना लावला. टोपणाने बरेच आढेवेढे घेतले. मग एक बारीक शिट्टी, मग जोरात फुस्स, मग तांबडं पाणी आणि मग वाफाळतं पाणी भसकन वर उडालं. त्याने झटकन टोपण फिरवलं. आता खाली आमच्या नळाला पाणी आलं की नाही, हे कळायला हवं होतं. मी गच्चीच्या कठड्यावरून खाली ओरडलो, "आलं का?"

आमच्या बाथरूमची खिडकी बंद होती. तिसऱ्या मजल्यावरून काकू म्हणाल्या, "आलं संपलंय. गवती चहा देऊ का?"

मोबाइल आहे, हे तेव्हा आठवलं. हिचा फोन लागेना, म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आलं का?' क्षणात उत्तरं सुरू झाली. 'आमचं नाही आलं, तुमचं सिलिंडर आलं का?' 'लाइट तर गेलेच नव्हते.' 'मेंटेनन्सचं बिल आलंय, भरा.' 'मनःपूर्वक अभिनंदन! मुलगा की मुलगी?' या शेवटच्यावर फुलांची चित्रं घेऊन सगळी इमारत लोटली. दहा मिनिटांत मी पुन्हा बाप झालो होतो, आणि गरम पाण्याचा काही पत्ता नव्हता.

धापा टाकत घरी आलो. पाणी आलं होतं, आणि जोरात आलं होतं. इतकं जोरात की हिने न्हाऊन घेतलं होतं, आईने पाय शेकून घेतले होते आणि एरवी सुट्टीच्या दिवशी आंघोळीला नकार देणाऱ्या चिरंजीवांनी, शास्त्रीय चाचणी म्हणून, शॉवर मनसोक्त सोडला होता. माझ्या वाट्याला कोमट आलं. तक्रार केली तर आई म्हणाली, "बंब असता तर..."

जाताना प्लंबर कायमचा उपाय सांगून गेला. नळी पुन्हा टाकीच्या वर दोन फूट न्यायची, तोंड वाकवून खाली करायचं म्हणजे पालापाचोळा आत जाणार नाही. पाइप, दोन एल्बो आणि मजुरी धरून पंधराशे रुपये. सोसायटीत पंधराशे रुपये ही फार वाईट रक्कम आहे. ती इतकी मोठी नाही की सगळे घाबरून मुकाट्याने देतील आणि इतकी लहानही नाही की कोणी एक जण देऊन मोकळा होईल. सभा बोलावली. तळमजल्याचं म्हणणं, आमच्याकडे पाणी व्यवस्थित येतं, आम्ही का भरायचे? पहिल्या मजल्याचं म्हणणं, आधी जावयांची लेखी माफी मागा. दुसऱ्या मजल्याने कुरडयांच्या सुरक्षिततेची हमी मागितली. काकांनी तीन कोटेशनं मागवावीत अशी सूचना केली आणि प्राध्यापकांनी तिला अनुमोदन दिलं. कोटेशनं यायची आहेत. वडे या वेळीही होते, त्यांचं बिल ताबडतोब मंजूर झालं.

तोवर प्लंबरने टोपण हातापुरतं सैल ठेवून मला एक जुना पाना दिलाय. शुक्रवारी सकाळी मी स्टुलावर चढतो, टोपण सोडतो, फुस्स ऐकतो, टोपण लावतो. या कौशल्याने माझ्यात मोठा बदल झालाय. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे सल्ले ऐकत आलो, आता देतो. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय सांगू, चार दिवस झाले, काहीच उतरत नाही हो." मी जिलबी खाली ठेवली आणि म्हणालो, "हवा धरली असेल. सगळ्यात उंच जागी बघा, कोणी काही बंद केलंय का. बाकी कुठे ठोकू नका." ते पोटाबद्दल बोलत होते. पण त्यांनी मान डोलावली आणि वर, तुम्ही कुठल्या खात्यात होतात, असंही विचारलं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या जुन्या इमारतीतला गरम नळ फुसफुसू लागला तर बत्ता जागेवर ठेवा, नळाला तोंड लावू नका आणि गच्ची गाठा. पाइप जिथे सगळ्यात उंच चढून पुन्हा उतरतो तिथे टोपण लावलेलं थोटूक दिसतं का बघा. दिसलं तर तोंड बाजूला ठेवून हळूहळू सोडा, कारण आतल्या पाण्याने चांगलं भाजतं. पंपाचं मात्र मनातसुद्धा आणू नका. आणलंतच, तर आधी खालच्या मजल्यांवर कोणाचे जावई आलेत का, तेवढं विचारून घ्या.